अ‍ॅप आलं, धोरण कुठे आहे?

‘एक अ‍ॅप टाका, सगळे सुतासारखे सरळ येतात.’ हे वाक्य आता इतकं रुळलं आहे की त्यावर कुणी प्रश्नही विचारत नाही. तालुक्याच्या आढावा बैठकीत साहेब हेच म्हणतात. आखाडा बाळापूरच्या बाजारपेठेत व्यापारी हेच म्हणतात. हिंगोली–नांदेड रस्त्यावर चहा घेत बसलेले निवृत्त कर्मचारीसुद्धा हेच म्हणतात. अंगणवाडी वेळेवर उघडत नाही? अ‍ॅप टाका. रोजगार हमीच्या मस्टरवर बोगस नावं आहेत? अ‍ॅप टाका. खताचा काळाबाजार होतो? यंत्र बसवा.

या मताची मांडणी अशी आहे. खालचा माणूस मुळातच कामचुकार असतो, त्याच्यावर नजर ठेवली तरच तो काम करतो. नजर माणसाने ठेवली तर सेटिंग होते, यंत्राला मात्र नातंगोतं नसतं आणि ते खोटं बोलत नाही. मोबाइल आता सगळ्यांकडे आहे, त्यामुळे खर्चाचा प्रश्न येत नाही. सुरुवातीला अडचणी येणारच, आधी सुरू करू आणि मग दुरुस्त करू. आणि एवढं करूनही जो विरोध करतो, त्याचं पाणी कुठे मुरतं ते आम्हाला कळतं.

हे मत वरवर रोखठोक वाटतं, पण त्याचा एकही खांब भक्कम नाही. कामाच्या ठिकाणी तंत्रज्ञान आणणं हा एक प्रकल्प असतो. त्या यंत्राने नेमकं काय साधायचं, ते कुणी विकत घ्यायचं, ते बंद पडलं तर काम कसं चालवायचं आणि त्याने चुकीची नोंद केली तर जबाबदार कोण, एवढं आधी कागदावर लिहून काढलं की त्याला धोरण म्हणता येतं. आपल्याकडे हे काहीच ठरत नाही. अ‍ॅपची लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते, खाली ‘तात्काळ डाउनलोड करा, अहवाल सादर करा’ असा आदेश येतो, आणि तेवढ्यालाच धोरण म्हणायची पद्धत पडली आहे.

पहिला मुद्दा हजेरीचा. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राची. वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. या कामात मजुरी ठरायची ती मोजमापावर. किती घनमीटर माती निघाली, किती खोदलं, ते टेपाने मोजायचं आणि त्याप्रमाणे दाम द्यायचा. उन्हाळ्यात पांदण रस्त्याच्या किंवा नाल्याच्या कामावर बायका पहाटेच यायच्या, ऊन डोक्यावर यायच्या आत माती टाकून मोकळ्या व्हायच्या आणि घरचा स्वयंपाक, गुरंढोरं बघायला परतायच्या. काम पुरं झालं की झालं, दिवसभर कामावर ताटकळत बसायची कुणालाच गरज नव्हती.

२१ मे २०२१ ला केंद्राने मनरेगा, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमी योजनेच्या, कामांवरील हजेरीसाठी एनएमएमएस नावाचं अ‍ॅप आणलं आणि १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामं वगळता सगळ्या कामांवर ते सक्तीचं केलं. सकाळी मजुरांचा एक फोटो, दुपारी दुसरा, दोन्हींवर वेळ आणि ठिकाणाचा शिक्का. म्हणजे सकाळी अकराच्या आत काम उरकलेल्या बाईने दुसऱ्या फोटोसाठी भर उन्हात थांबायचं किंवा घरी जाऊन परत यायचं. तिने टाकलेल्या मातीला या व्यवस्थेत किंमत उरली नाही, फोटोतल्या तिच्या चेहऱ्याला आली. रेंज मिळाली नाही आणि फोटो चढला नाही, तर दिवसाची मजुरी अडकली.

बरं, याने बोगसगिरी तरी थांबली का? ८ जुलै २०२५ ला केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना पत्र लिहून त्याचं उत्तर दिलं. कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, मजुरांचा फोटो काढण्याऐवजी जुन्या फोटोचाच फोटो काढला जातो, फोटोतली माणसं आणि नोंदीतली माणसं जुळत नाहीत, बाई-पुरुषांची संख्या जुळत नाही, तीच माणसं अनेक मस्टरवर दिसतात, दुपारचा फोटो चढवलाच जात नाही, हे सगळं त्या पत्रात मंत्रालयाने स्वतः मांडलं. आणि त्यावर उपाय कोणता सांगितला? ग्रामपंचायत पातळीवर प्रत्येक फोटो माणसाने डोळ्यांनी तपासायचा. माणसाच्या हातची तपासणी भरवशाची नाही म्हणून यंत्र आणलं आणि चार वर्षांनी त्या यंत्राची तपासणी माणसाच्याच हाती सोपवली. ज्याला चोरी करायची होती त्याने फोटोचा फोटो काढला. जिला घाम गाळायचा होता, तिची मजुरी रेंजअभावी बुडाली. चोर सोडून संन्याशाला फाशी यालाच म्हणतात.

बोगस मस्टरची तक्रार खोटी नव्हती, हे मला मान्य आहे. मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचलल्याची प्रकरणं महाराष्ट्राने पाहिली आहेत. पण त्यावरचा उपाय मनरेगा कायद्याच्या कलम १७ मध्येच होता. ग्रामसभेने सामाजिक अंकेक्षण करायचं, म्हणजे कुणाचं नाव लागलं आणि किती पैसे उचलले हे गावासमोर वाचायचं. शेजारी मेला की जिवंत आहे, हे सांगायला गावाला उपग्रह लागत नाही. हा उपाय मनापासून राबवला असता तर कंत्राटदार आणि त्याचे पाठीराखे अडचणीत आले असते, म्हणून तो राबवला गेला नाही. आता मनरेगाची जागा घेणारा १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केला आहे. जुन्या अ‍ॅपने काय दिलं आणि काय हिरावलं याचा हिशेब मांडल्याशिवाय नव्या कायद्याखाली पुन्हा तेच यंत्र बसवणार असाल, तर चार वर्षांच्या अनुभवातून काय शिकलात?

दुसरा मुद्दा, यंत्र खोटं बोलत नाही. ब्रिटनच्या टपाल खात्याने हे मानलं आणि त्याची किंमत शेकडो निरपराध माणसांनी मोजली. १९९९ पासून तिथल्या टपाल शाखांमध्ये हिशेबासाठी ‘होरायझन’ ही फुजित्सू कंपनीची संगणक प्रणाली बसवली गेली. प्रणाली तूट दाखवायची, गल्ल्यात मात्र तूट नसायची. शाखा चालवणारे ओरडून सांगत राहिले, पण संगणक चुकत नाही, म्हणजे तुम्हीच चोर, असं त्यांना सांगण्यात आलं. ९०० हून अधिक लोकांना चोरी आणि अफरातफरीच्या गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. कुणी तुरुंगात गेलं, कुणाचं घर विकलं गेलं. किमान १३ जणांनी या छळापायी जीव दिला असावा, असं जुलै २०२५ च्या चौकशी अहवालात नोंदवलं आहे. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीतच दोष असल्याचं सांगितलं आणि मे २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

हे दूरदेशीचं म्हणून सोडून देऊ नका. बाळापूरच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात खरिपाच्या तोंडावर जाऊन उभं राहा. अनुदानाचं खत पॉस यंत्रावर, सहसा अंगठा घेऊन, विकायचं, ही पद्धत मार्च २०१८ पर्यंत देशभर लागू झाली. पाऊस पडलेला असतो, वाफसा आलेला असतो, दुकानापुढे रांग लागलेली असते. हळद काढून, शिजवून, वाळवून ज्यांच्या बोटांची सालं निघाली आहेत, त्यांचा अंगठा उमटत नाही. पुसून पुन्हा लावा, दुसरं बोट लावा, तेवढ्यात सर्व्हर बसतो. शेतकरी म्हणतो, गाडी भाड्याची आहे, पोतं द्या, अंगठा उद्या घ्या. दुकानदार ओळखीवर पोतं देतो आणि वहीत नाव लिहून ठेवतो. पोतं रानात गेलं तरी यंत्राच्या लेखी ते गोदामातच असतं. त्याच वेळी तपासणीला कुणी आलं तर गोदामातला साठा आणि यंत्रातला साठा जुळत नाही आणि परवान्यावर संकट येतं. काळाबाजार करणारा दुकानदार आणि रांगेतल्या शेतकऱ्याची अडचण भागवणारा दुकानदार, दोघांची नोंद यंत्रात सारखीच दिसते. मग हा फरक कुणी करायचा? माणसानेच ना? आणि ज्याने तो करायचा, त्यालाच ‘सिस्टीमला दिसतंय तसं आहे’ एवढं बोलून हात झटकायची मुभा कुणी दिली?

यंत्रावर संशय घेणं हे अडाणीपणाचं लक्षण नाही, ती विज्ञानाची रीत आहे. आपल्याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून गुरुत्वीय लहरी टिपणारं हे यंत्र माणसाने घडवलेल्या सर्वांत नाजूक यंत्रांपैकी एक. अमेरिकेत अशीच वेधशाळा चालवणाऱ्या शास्त्रज्ञांनी सप्टेंबर २०१० मध्ये काय केलं? निवडक दोन-चार जणांनी इतरांना न सांगता यंत्रात एक खोटा संकेत सोडला. शेकडो शास्त्रज्ञांनी कित्येक महिने त्याचा अभ्यास केला, शोधनिबंध लिहून तयार ठेवला, आणि मार्च २०११ मध्ये बंद लिफाफा उघडून सांगण्यात आलं की हा संकेत आम्हीच घातला होता. आपलं यंत्र आणि आपली पद्धत कसोटीला उतरते का, हे बघायला त्यांनी स्वतःचीच परीक्षा घेतली. आपल्या अंगणवाडीत, शाळेत, मजुरांच्या हाती दिलेल्या अ‍ॅपची अशी एक तरी परीक्षा, त्यावर कुणाची मजुरी वा पगार अडकवण्यापूर्वी, कुणी घेतली का?

फार लांब जायलाही नको. बाळापूरच्या बाजार समितीत हळदीचे कट्टे ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढतात, त्या काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी व्हावी लागते. शिक्का नसलेल्या काट्यावर माल तोलायला कायद्याने बंदी आहे. शेतकऱ्याच्या एका कट्ट्यासाठी कायदा यंत्रावर एवढा संशय घेतो, तर ज्या अ‍ॅपवर बाईचा दिवसाचा रोज आणि लेकराचा पोषण आहार ठरतो, त्याला कुणाचाच शिक्का का लागू नये?

तिसरा मुद्दा, विरोध करणारे कामचुकार असतात. हा सर्वांत वाईट आरोप आहे, कारण तो ज्यांच्यावर होतो त्या बहुतेक बायका असतात आणि उलट बोलायची त्यांना सोय नसते. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने दिलेले मोबाइल परत केले. तेव्हा ‘यांना काम नको’ अशी टीका झाली. त्यांनी परत काय केलं होतं? २०१९ मध्ये मिळालेले दोन जीबी रॅमचे फोन, जे तापायचे, अडकायचे, आणि ज्यांच्यावर मार्च २०२१ मध्ये आलेलं पोषण ट्रॅकर चालत नव्हतं. अ‍ॅप होतं इंग्रजीत. दहावी, बारावी मराठीतून शिकलेल्या सेविकेने लेकराचं वजन, उंची, लसीकरण इंग्रजीत भरायचं. त्यांच्या मागण्या काय होत्या? चालणारा फोन द्या आणि मराठीतलं अ‍ॅप द्या. यात काम टाळण्याची मागणी कुठे आहे? या बायका वर्षानुवर्षं अकरा रजिस्टरं हाताने भरत आल्या आहेत. अ‍ॅप आल्यावर ती रजिस्टरं सुटली असती तर त्यांनी अ‍ॅपला हार घातला असता. अनेक ठिकाणी झालं असं की वही सुटली नाही आणि फोन वाढला.

१ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना चेहरा ओळखण्याचीही सक्ती झाली. पत्र्याच्या खोलीत सेविका गरोदर बाईसमोर फोन धरून उभी असते. पदर मागे घ्या, उजेडाकडे तोंड करा, पापणी मिटा, उघडा. पहिल्या नोंदणीला ओटीपी लागतो आणि तो आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. तो नंबर नवऱ्याचा असतो आणि नवरा ऊसतोडीला नाहीतर पुण्याला कामावर असतो. तो फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते. ही बाई गल्लीतली, सेविका तिला लग्न होऊन आली त्या दिवसापासून ओळखते. ओळख पटत नाही ती फक्त फोनला. आहाराचं पाकीट समोर पडलेलं असतं, भुकेलं पोटही समोर असतं आणि मधे फिरणारं चक्र थांबत नाही. या व्यवस्थेला नावं ठेवणारी सेविका कामचुकार, की तिला या पेचात टाकून जिल्ह्याच्या पडद्यावर टक्केवारी बघत बसणारा अधिकारी? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी पायी चालणाऱ्यांचा आळस काढू नये.

चौथा मुद्दा खर्चाचा आणि वेळेचा. मोबाइल सगळ्यांकडे आहे म्हणे. तो आहे कुणाचा? ज्या शिक्षकाच्या, ग्रामरोजगार सेवकाच्या, सेविकेच्या खिशातला फोन शासन वापरतं, त्या फोनचे हप्ते आणि रिचार्ज कोण भरतं? फोन फुटला, पाण्यात पडला तर नवा कोण देतं? कार्यालयाला टेबल लागलं तर निविदा निघते, आणि ज्या वस्तूवाचून आता काम होऊच शकत नाही, ती मात्र कर्मचाऱ्याने स्वतः आणायची. २३ जुलै २०२१ ला राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने परिपत्रक काढलं होतं: कार्यालयात शक्यतो लँडलाइन वापरा, मोबाइल अत्यावश्यक असेल तरच, बोलताना आवाज सौम्य ठेवा. कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला मोबाइल कसा वापरायचा याचे नियम मिळाले. त्याच वर्षी खेड्यातल्या कर्मचाऱ्याचा मोबाइल हेच त्याचं कार्यालय झालं, पण त्याच्यासाठी नियम कुणी लिहिला?

नियम नाही म्हणून वेळही नाही. रात्री दहाला ग्रुपवर आदेश येतो, सकाळी दहाला माहिती हवी असते, आणि ज्याने उत्तर दिलं नाही त्याचं नाव त्याच ग्रुपवर सगळ्यांसमोर टाकलं जातं. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन बंद ठेवायचा कर्मचाऱ्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये असं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. त्याची चर्चा झाली ती पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांपुरती. कळमनुरी तालुक्यातल्या सेविकेची रात्र मोजायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

पाचवा मुद्दा, आधी सुरू करू, मग दुरुस्त करू. प्रकल्प चालवण्याची ही पद्धत महाराष्ट्राने एकदा नव्हे, अनेकदा वापरून पाहिली आहे. २०११ मध्ये ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणासाठी ‘संग्राम’ सुरू झालं. गावोगाव संगणक आले, हजारो तरुण परिचालक म्हणून लागले, तुटपुंज्या मानधनावर त्यांनी दाखले, नोंदी, सगळं संगणकावर चढवलं. डिसेंबर २०१५ अखेर प्रकल्पाची मुदत संपली. २०१६ मध्ये ‘आपले सरकार सेवा केंद्र’ नावाने नवी मांडणी आली, आणि ज्यांच्या हातांनी हे काम उभं राहिलं होतं त्या परिचालकांना कायम होण्यासाठी आणि थकलेल्या मानधनासाठी मोर्चे काढावे लागले. प्रकल्प संपल्यावर माणसं, यंत्रं आणि माहिती यांचं काय करायचं, हे सुरुवातीलाच ठरवायची गोष्ट होती. ते ठरवलं नाही, कारण उद्घाटन करणाऱ्याला समारोपाची काळजी नसते. २०२५ मध्येही १०० दिवसांचा, १५० दिवसांचा कार्यक्रम आला, गुण मिळाले, क्रमांक लागले. १५१ व्या दिवशी त्यात आलेलं अ‍ॅप कोण सांभाळणार, हा प्रश्न गुणपत्रिकेत नव्हता.

तंत्रज्ञान चालतं कुठे, तेही सांगतो. २०१८ मध्ये डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला तेव्हा याच भागातल्या शेतकऱ्याने तो बिनातक्रार स्वीकारला. त्याची चक्कर वाचली, दिवस वाचला. बाजारात यूपीआय आलं तर भाजीवालीनेसुद्धा त्याचा कोड पाटीला चिकटवला. ज्या यंत्रामुळे वापरणाऱ्याचं काम हलकं होतं, त्याला सक्ती करावी लागत नाही. सक्ती करावी लागते ती ज्याचा फायदा वर आणि बोजा खाली, अशाच यंत्राची. यापेक्षा मोठी सवलत मी ‘यंत्र बसवा’ म्हणणाऱ्या मताला देऊ शकत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. कुठलंही अ‍ॅप सक्तीचं करण्यापूर्वी ते कशासाठी, हे मराठीत एका पानावर लिहून द्या. ते सक्तीचं करण्याआधी बाळापूरसारख्या गावात, पावसाळ्यात, जुन्या फोनवर, कमी रेंजमध्ये महिनाभर चालवून बघा आणि निकाल जाहीर करा. फोन आणि डेटा ज्याचं काम त्याने द्यावा. अ‍ॅप आल्याच्या दिवशी जुनं रजिस्टर बंद करा. यंत्र चाललं नाही तर कागदावरची नोंद त्याच दिवशी ग्राह्य धरा. अ‍ॅपच्या नोंदीवरून कुणाचंही मानधन, मजुरी किंवा आहार थांबवण्याआधी माणसाने माणसाचं ऐकून घ्यावं. यातलं एकही कलम राबवायला परदेशी तज्ज्ञ लागत नाही, लागते ती कारभार करायची इच्छा.

आणि वाचकांना सांगणं एवढंच. येत्या ग्रामसभेत तुमच्या अंगणवाडीची सेविका, तुमचा रोजगार सेवक, तुमच्या शाळेतल्या बाई यांना समोर बसवा आणि विचारा: किती अ‍ॅप भरता, कुणाच्या फोनवर, कुणाच्या पैशाने आणि कुठल्या वेळी? मिळालेलं उत्तर ठरावात लिहा, त्यावर सह्या घ्या आणि तो ठराव गटविकास अधिकाऱ्यांना पोचवा. राबणाऱ्या माणसाला संशयित ठरवून आणि यंत्राला निर्दोष मानून आजवर कुठलंही काम सुधारलेलं नाही, पुढेही सुधारणार नाही.